माझ्या मांडवाखालचे फोन

मित्रांनो, आधी जरा मागे सरका. खोडाला एकदम हात लावू नका. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात कात्री नाही ना? नक्की नाही? बरं, मग बसा. राग मानू नका. गेल्या वर्षी माझ्यावर जे बेतलं, त्यानंतर मी कुणावरही चटकन विश्वास ठेवत नाही. खरं सांगायचं तर आधीही ठेवत नव्हते.

मी एक द्राक्षवेल आहे, आणि आता चांगली म्हातारी झाले आहे. लंडनच्या वायव्येला पिनर नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका घराच्या मागच्या बागेत माझा मुक्काम. सतीशरावांनी मला नर्सरीतून आणलं, तेव्हा मी बोटाएवढी काडी होते. "या हवेत हिला गोड द्राक्षं धरायची नाहीत," असं नर्सरीवाल्यानं तोंडावर सांगितलं होतं. पण सतीशराव हट्टी. दुपारचं ऊन जिथे पडतं त्या भिंतीशी त्यांनी खड्डा केला, लोखंडी पाइप आणून मांडव घातला. दर जानेवारीत कानटोपी घालून, नाक पुसत पुसत ते माझी छाटणी करायचे. त्या थंडीत मी गाढ झोपलेली असे, मला पत्ताही लागायचा नाही. शरद ऋतूत घड धरले की मराठी मंडळाच्या बायका माझ्याखाली उभ्या राहून फोटो काढायच्या. काय ते कौतुक! मला तेव्हाच वाटायचं, हे फार दिवस टिकायचं नाही.

आणि तसंच झालं. सतीशराव गेले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी, लीलावतीबाई. मुलगा उदय इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं; नोकरी आणि बायको नीनाबरोबर संसार दूर मिल्टन कीन्सला. मला छाटायला कुणी उरलं नाही. काड्यांचं जंगल झालं, पानांवर पांढरी भुरी चढली, द्राक्षं इतकी आंबट की पक्षीसुद्धा एक टोचून उडून जायचे. एकेकाळी फोटो काढणाऱ्या बायका आता "जपून हं, साडीला काहीतरी लागेल" म्हणत बाजूने जायच्या.

पण माझ्याखाली यायचं मात्र कुणी थांबवलं नाही. त्याचं कारण मोबाइल. त्या घरात मोबाइलला रेंज मिळत नसे. स्वयंपाकघरात "हॅलो, हॅलो" झालं की माणूस मागचं दार उघडून सरळ माझ्या मांडवाखाली येई. इथे आवाज खणखणीत. त्यामुळे या घरात कोण कुणाबद्दल काय बोललं, ते मला सगळं ठाऊक आहे. पण आजवर मी एक शब्द कुणाला सांगितलेला नाही. तरी या देशात बदनामी माझीच. शेजारच्या डोरीनबाई कुठलीही ऐकीव गोष्ट सांगताना कुंपणावरून हसून म्हणतात, "हर्ड इट ऑन द ग्रेपव्हाइन, डिअर." म्हणजे वेलीकडून कळलं! अहो, मी कधी तोंड उघडलं? बोलता तुम्ही, आणि नाव माझं!

असो. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात या घरात चैत्राली आली. नाशिककडची मुलगी, सॉफ्टवेअरच्या नोकरीत, वर्क परमिटवर आलेली. लीलावतीबाई जिन्यात पडल्या होत्या. उदय म्हणत होता, आता मिल्टन कीन्सला चल. लीलावतीबाईंना ते नको होतं. तिथे दूध आणायचं तरी गाडी लागते, आणि यांना गाडी येत नाही. इथे लायब्ररी, दुकानं, स्टेशन, सगळं पायाखालचं. मग मायलेकांत ठरलं की वरची खोली भाड्याने द्यायची, घरात सोबत असली तर आई इथेच राहील. त्या दोघींची गट्टी फार लवकर जमली. इतकी लवकर की मला संशय आला.

कारण पहिल्याच दिवशी ही मुलगी माझ्यापाशी आली आणि माझी साल नखाने खरवडून म्हणाली, "काकू, काय दशा केलीय हो हिची! आमच्या बागेत अशी वेल असती तर पप्पांनी जेवण सोडलं असतं." तिच्या वडिलांची द्राक्षबाग होती म्हणे. असेल. पण साल खरवडायची काय गरज होती?

एप्रिल उजाडला. मला नुकती जाग येत होती, खालून रस चढत होता, डोळे फुगले होते. एका रविवारी ही मुलगी शिडी घेऊन आली. "काकू, एप्रिल आला. खरड छाटणी करून टाकते." आणि तिने धडाधड कात्री चालवली! मित्रांनो, तिच्या गावाकडे द्राक्षं वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरात. तिचा हात त्या कॅलेंडरने चालला होता. इथे वेल एकदाच छाटायची असते, भर थंडीत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या जिवाचा काय कल्लोळ झाला म्हणून सांगू! प्रत्येक कापातून पाणी ठिबकायला लागलं. दिवसभर ठिबकलं, रात्रभर ठिबकलं.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी माझ्याखाली उभी राहून वडिलांना फोन करत होती. आवाज रडवेला. "पप्पा, थांबतच नाहीये हो पाणी! काकांच्या हातची वेल आहे ती. मेली तर मी काकूंना काय तोंड दाखवू?" पलीकडून वडिलांनी समजूत घातली असावी. ती डोळे पुसत "हो... हो... मरत नाही ना पण?" म्हणत राहिली. मी मनात म्हटलं, नाटक असेल. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, तेवढं मी पाहिलं.

त्याच आठवड्यात चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सतीशराव गेल्यापासून लीलावतीबाईंनी ते बंदच केलं होतं. चैत्रालीच मागे लागली, "बोलवा हो काकू सगळ्यांना, कुंकू लावायला मी आहे ना." डाळ झाली, पन्हं झालं. सुलक्षणाबाई आल्या. त्या लीलावतीबाईंच्या तीस वर्षांपासूनच्या मैत्रीण. पन्ह्याचा पेला हातात घेऊन बागेत आल्या, आणि माझा तो बोडका, ठिबकणारा अवतार पाहून जागीच थांबल्या.

"अगं बाई! लीला, हे कुणी केलं?"

"चैत्रालीनं छाटली गं. महिना जरा चुकला, पण फुटेल म्हणतात."

लीलावतीबाई आत वळल्या आणि सुलक्षणाबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. "अगं, मी लीलाकडे आलेय. काय सांगू तुला, सतीशरावांची वेल तोडली गं त्या भाडेकरू मुलीनं! आणि हळदीकुंकू पण तीच लावतेय, मालकीण असल्यासारखी. लीला एक शब्द बोलत नाही. आय अ‍ॅम नॉट सेइंग एनीथिंग हं, फक्त सांगतेय. तू कुणाला बोलू नकोस."

छाटली होती, ती तोडली झाली. माझ्या देखत, माझ्याच मांडवाखाली.

मग काय विचारता! त्या वर्षी व्हिसाचे नियम बदलले होते आणि इथली सगळीच मंडळी धास्तावलेली. कुणीतरी त्यात तेही कालवलं. थोड्याच दिवसांत डोरीनबाईंनी कुंपणावरून विचारलं, "लीला, डिअर, घर विकताय म्हणे?" लीलावतीबाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारीचा काहीतरी गोंधळ झाला असेल. मी मात्र हसले नाही.

मे महिन्यात एका शनिवारी उदय आला. चहासुद्धा न घेता आईला बागेत घेऊन आला.

"आई, खरं सांग. तू हा घर तिच्या नावावर केलीस का?"

"कुणाच्या? काय बोलतोयस तू?"

"तो चैत्राली! नीनानं बर्थडे पार्टीत ऐकलं. एव्हरीबडी नोज. तिचा व्हिसाचा प्रॉब्लेम आहे, म्हणून ती तुला पटवते. बाबांचा वेल पण कट केली तिनं. बाग क्लिअर करते म्हणे, विकायला."

"अरे, छाटायला मीच हो म्हटलं होतं! कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"सगळे बोलतात, आई. सगळे खोटं कसे बोलतील?"

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत चैत्राली कप विसळत होती. नळ बंद झाल्याचं मी ऐकलं. लीलावतीबाईंनीही ऐकलं. उदयला पत्ता नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा रे, तुझी आई खरं बोलतेय, या मुलीचा रडका फोन मी ऐकलाय. पण मला कुठे बोलता येतं! माझ्या नावावर जगभरच्या गावगप्पा खपतात, आणि खरी गोष्ट सांगायची वेळ आली तर मी मुकी.

पुढच्याच आठवड्यात चैत्राली गेली. "काकू, क्लायंट आता रेडिंगला आहे, रोजचं जाणं-येणं जमत नाही," म्हणाली. खोटं होतं ते, दोघींनाही माहीत होतं. तिने घराची किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. लीलावतीबाई "राहा गं" म्हणाल्या नाहीत. मुलाने आरोपच असा केला होता की कुठल्या तोंडाने म्हणणार? टॅक्सी गेली तरी त्या दारातच उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं, अगदी त्या कात्रीपेक्षाही.

सोबत गेली म्हटल्यावर उदयचा आग्रह पुन्हा सुरू झाला. आता एकटी राहू नकोस, घर काढून टाकू. ऑगस्टमध्ये इस्टेट एजंट आला. चकचकीत बुटांनी गवतावर फिरला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे झुडूप काढावं लागेल, लोकांना मोकळी बाग आवडते. बघा, कमाल आहे की नाही! घर विकणार ही थाप होती. ती थाप ऐकून ज्यांनी मुलीला घालवलं, तेच आता घर विकायला निघाले होते. आणि झुडूप कोणाला म्हणतो रे?

पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, ती या गडबडीत कुणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्या अंगावरचं जुनं जंगल गेलं होतं. वारा खेळत होता, ऊन आतपर्यंत येत होतं, भुरी नावाला नव्हती. घड थोडेच धरले, पण जे धरले ते काळेभोर, भरलेले. दसऱ्याला सुलक्षणाबाई सोनं द्यायला आल्या, तेव्हा लीलावतीबाईंनी बशीतून तेच पुढे केले.

"अय्या, लीला! साखर आहे गं नुसती. सतीशरावांच्या वेळची आठवण झाली." आणखी चार तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "बघ, ती मुलगी गेली आणि वेलीला बरकत आली. मी म्हणतच होते."

लीलावतीबाईंनी बशी खाली ठेवली. सुलक्षणाबाई गेल्यावर त्या मोबाइल घेऊन माझ्याखाली आल्या. एरवी त्या मोबाइलला हात लावायच्या नाहीत. चष्मा वर-खाली करत त्यांनी एकेक आकडा दाबला.

"चैत्राली? मी काकू. द्राक्षं गोड झालीत गं... हो, तू छाटलेल्या वेलीचीच... नाही, तू ऐक. मी त्या दिवशी तुला थांबवलं नाही, ते माझ्या मनातून जात नाही... या देशात छाटायची कधी असते, विचारलंस का वडिलांना? जानेवारीत ना? मग ये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ये. कात्री घेऊन ये."

मग त्यांनी उदयला फोन लावला. "घर विकायचं नाही. आणि संक्रांतीला नीनाला घेऊन ये," एवढंच म्हणून ठेवून दिला.

जानेवारीत मी झोपलेली असते, सांगितलंच तुम्हाला. यंदा मात्र एक कान उघडा ठेवला होता. स्वभाव संशयी, दुसरं काय! येते की नाही कोण जाणे, असं मनात होतंच. पण आली. सगळ्या बायका कोट घालून, तिळगुळाच्या वड्या हातात घेऊन थंडीत कुडकुडत बागेत उभ्या. उदय आणि नीना एका बाजूला. चैत्राली शिडीवर. यावेळी वार झाले ते मला कळलेसुद्धा नाहीत आणि पाण्याचा एक थेंब गळला नाही.

ती खाली उतरल्यावर लीलावतीबाईंनी स्वतःच्या हाताने तिला कुंकू लावलं. सगळ्यांना वाण म्हणून एकेक वाटी मिळाली होती. चैत्रालीच्या हातात त्यांनी घराची किल्ली ठेवली.

"तुझी खोली तशीच आहे," त्या म्हणाल्या.

उदय पुढे आला. मान खाली. "सॉरी, चैत्राली. मी... तुला विचारायला पाहिजे होता." त्याचं मराठी नेहमीसारखंच चुकलं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सुलक्षणाबाई वडीचा तुकडा हातात धरून पायाकडे बघत होत्या. लीलावतीबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सुलक्षणा, आता सगळ्यांना फोन कर. आत्ता, इथेच उभी राहून कर. इथे रेंज चांगली येते."

मित्रांनो, सुलक्षणाबाईंनी फोन काढला. पण बोटं काही पहिल्यासारखी भराभर नंबर दाबत नव्हती.

आता उठा, मला झोपू द्या. माझी काळजी घ्यायची असेल तर थंडीत छाटा आणि उन्हाळ्यात पाणी घाला, फार काही लागत नाही मला. आणि माझ्याबद्दल कधी काही ऐकलंत, तर इथे या. मला बोलता येत नाही, पण कात्री कुठे लागली आणि घड कुठे धरले, एवढं तुमच्या डोळ्यांना दिसेल. माणसांना तर बोलताही येतं. त्यांना जाऊन विचारायला तुम्हाला इतकं जड का जातं?