माझ्या कपाळावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी लाल टोपली आहे. लोरेटाबाईंच्या औषधांच्या दुकानात फळीवर आम्ही अकरा जणी. दहा पांढऱ्या, लाल मी एकटीच. जन्म माझा साच्यातला, प्लास्टिकचा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कपाळावर एक चिठ्ठी डकवलेली होती, ती काही वाचता येईना. मी आपली समजायचे, माझी पदवी असेल.

आणि का समजू नये? पांढऱ्या टोपल्यांतलं औषध आलं तसं गेलं. माझ्यातलं मात्र चार-चार दिवस मुक्काम करी. गिऱ्हाइकं दारातूनच माझ्याकडे बघत. मी शेजारणींना म्हणायचे, "तुमच्याकडे कोणी ढुंकून तरी बघतं का गं?"

नवं वर्ष लागलं की वर्ना आजी यायची. बुटांवरचा बर्फ दारात झटकून विचारायची, "आमच्या पायपरचं झालं का गं?" पायपर तिची नात, नऊ वर्षांची. तिला फिट यायची. तिच्या गोळ्यांची पुडी माझ्याच पोटात असे.

"पुडी तयार आहे, आजी. पण विमा कंपनीची परवानगी दर जानेवारीत नव्यानं लागते," लोरेटाबाई म्हणत.

"का? आजार एकतीस डिसेंबरला सासरी गेला का?"

विम्याशिवाय त्या गोळ्या आजीला परवडण्यातल्या नव्हत्या.

एका वर्षी तर कमालच झाली. घरात दोनच गोळ्या उरल्या होत्या. फोन ठेवून लोरेटाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "कंपनी म्हणते, वर्षभर फिट आली नाही, मग गोळी हवीच कशाला?"

"अगं बये, गोळी घेते म्हणूनच आली नाही ना!"

पायपर हळूच म्हणाली, "मग एकदा आली, तर देतील का?"

आजीनं तिला पोटाशी धरलं. माझं तर डोकंच गरगरलं. पुडी माझ्या पोटात, पोरगी समोर उभी, मग अडवतंय कोण? मी तर कोणाला अडवलं नव्हतं!

चौथ्या दिवशी पायपर शाळेच्या बसच्या पायरीवर फिट येऊन पडली. हनुवटीला पाच टाके. त्याच दुपारी परवानगी आली. आजीनं पुडी उचलली आणि माझ्या कपाळावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "परवानगी बाकी."

ही माझी पदवी!

पुढे आजी पायपरला घेऊन राजधानीत गेली. तिथल्या आमदारांना तिनं हनुवटीवरचा व्रण दाखवला म्हणे. आणखीही पुष्कळ आया-आज्या आल्या होत्या. मग राज्यात कायदा झाला : डॉक्टरनं फिटचं औषध लिहिलं की विमा कंपनीनं ते द्यायचं, आधी परवानगी मागायला लावायचं नाही. यंदा जानेवारीत पुडी माझ्यासमोरून पांढऱ्या टोपलीत गेली आणि पाच मिनिटांत पायपरच्या खिशात. मला राग आला की आनंद झाला, अजून उमगत नाही. शेजारणी हसल्या. हसू देत.

पण काल माझ्यात पुन्हा एक पुडी पडली. एका म्हाताऱ्याची, दम्याची. कायदा फिटपुरताच आहे म्हणे. दम्यानं काय घोडं मारलंय? विचारीन म्हटलं, तर मला तोंड नाही.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला वापरा, अडगळीत टाकू नका. मी उलटंच मागते. मला रिकामी ठेवा. धूळ बसली तरी चालेल. तुम्हाला वाचता येतं, माझ्यात कोणाची पुडी थांबलेली दिसली, तर "का?" एवढं विचारल्याशिवाय दुकानातून जाऊ नका.

तो म्हातारा आलाच बघा. दारात बूट झटकतोय, आणि खोकतोय.