माझ्या अंगावरच्या मुंग्या

मी एक जुनी लेस आहे. एके काळी पांढरीशुभ्र होते, आता सायीच्या रंगाची झाले आहे. एका छोट्या वस्तुसंग्रहालयात काचेखाली असते. मित्रांनो, तुम्ही विचाराल, "लेस कशाची?" तिथेच तर माझा सगळा गोंधळ आहे!

एका बाईने उशीवर टाचण्या रोवून, दोऱ्याची लाकडी रिळे इकडून तिकडे फिरवत मला विणले. पुढे मी एका घरी खिडकीच्या पडद्याला लागले. वाऱ्यावर डुलायचे, ऊन चाळून आत सोडायचे, हेच माझे काम. मग पडदा विरला. घरातल्या आईने माझे दोन तुकडे कापले आणि ते जोडून धाकट्या मुलीच्या फ्रॉकला कॉलर केली. आई तेव्हा बाबांचा कोट शिवत होती. सुईत काळा दोरा होता, तोच चालवला. थोरली हसून लोटपोट झाली. "आई, हिच्या गळ्यावर मुंग्या चढल्यात!"

त्या मुंग्यांची मला फार लाज वाटे. मुली मोठ्या झाल्या आणि मी पेटीत गेले.

आई गेल्यावर दोघी बहिणी मला इथे घेऊन आल्या. आता त्यांचेही केस पिकले होते. संग्रहालयाच्या बाईंनी विचारले, "हिला ठेवू कुठं? घरसामानाच्या खोलीत की कपड्यांच्या?"

"घरसामानात. पडद्याची आहे ती," थोरली म्हणाली.

"काहीतरीच तुझं, ताई! माझी कॉलर आहे ही."

मी एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. मला दोघींचेही पटत होते!

बाई हसल्या. "भांडू नका. हे काळे टाके उसवून बारीक पांढऱ्या दोऱ्यानं जोडते. मग पडदा नको नि कॉलर नको, नुसती सुंदर लेस!" त्यांनी कात्री उचलली. मला वाटले, सुटले एकदाची!

धाकटीने पटकन माझ्यावर हात ठेवला. "नको हो. लेस विणली कुणा परक्या बाईनं. आईच्या हातचं हिच्यात एवढंच आहे."

थोरली नाक ओढत म्हणाली, "राहू द्या मुंग्या, बाई. ठेवा कुठंही."

आता मी दोन खोल्यांमधल्या दारापाशी असते. मी पडदा की कॉलर, अजून कळत नाही. तुमची नाके काचेला टेकतात तीही माझ्या नाजूक फुलांपाशी नव्हे, त्या काळ्या टाक्यांपाशी. हेही मला कोडेच आहे.

एवढे मात्र करा, मित्रांनो. घरात कुठे वेडावाकडा टाका दिसला, तर उसवण्याआधी मोठ्यांना विचारा, "हा कुणी घातला?"