एकच प्रेक्षक

“आता ही रडणार बघ,” तो म्हणाला, आणि पडद्यावरची सून खरोखरच रडू लागली. “आणि ते काजळ बघ. रेघसुद्धा हलली नाही. असं रडतं का कुणी? अगं, बघतेस ना?”

बायको आत बॅग भरत होती. हातातला टॉवेल तसाच घेऊन दारात आली, पडद्याकडे नजर टाकून “खरंच की” म्हणाली आणि परत आत गेली.

त्याची सगळी नोकरी नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडण्यात गेली होती. लोक आत गेले की दाराशी उभ्याउभ्याच त्यानं शेकडो नाटकं पाहिली. नामवंत नट जाताजाता त्याला विचारायचे, “काय, आज कसं झालं?” तोही भीडभाड न ठेवता सांगायचा. म्हणून सगळे त्याला परीक्षक म्हणत.

निवृत्तीनंतर जिन्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. हाड जुळलं. डॉक्टरांनी वॉकर दिला, म्हणाले, चाला. परीक्षक चालला नाही. न्हाणीघरात जायचं तरी तिचा खांदा लागायचा. तीन वर्षं तो खुर्चीत होता, समोर टीव्ही होता, आणि त्याची मतं ऐकायला ती एकटी. भाजी आणायला गेली तरी जीव अर्धा घरात ठेवून जायची. खरं तर तिला मालिका आवडायच्या. पूर्वी एखाद्या प्रसंगाला तिचे डोळे भरून यायचे. मग तो म्हणायचा, “एवढ्या सुमार कामाला रडतेस?” हळूहळू तिचं रडणं बंद झालं.

लेकीनं परगावी घर घेतलं होतं, पण आईचे पाय अजून त्या घराला लागले नव्हते. यंदा लेक हट्टाला पेटली. आठ दिवसांसाठी सांभाळायला एक बाई ठरवल्या आणि आईला न्यायला स्वतः आली.

“बाबा, आठच दिवस. बाई सगळं करतील तुमचं.”

“त्यांना अभिनयातलं काही कळतं का?” परीक्षकानं विचारलं. बाई हसल्या. तो हसला नाही.

दुपारी खाली टॅक्सी आली. लेक बॅग घेऊन उतरली. आईनं पायात चपला सरकवल्या, “येते हं” म्हणाली, तोच मागून आवाज आला.

“अगं... अगं...”

परीक्षकाचा हात छातीवर होता. मान एका बाजूला कलली होती, तोंडातून कण्हणं चाललं होतं. बाई पाण्याला धावल्या, जिन्यातून लेक धापा टाकत वर आली. बायकोनं त्याच्या पायाशी बसून मनगट हातात घेतलं.

तो खरोखर पडला होता, तो दिवस तिला आठवत होता. राखेसारखा चेहरा, आणि तोंडातून शब्द नाही. फक्त गुडघ्यापर्यंत वर सरकलेली पँट तो एका हातानं खाली ओढत होता, येणाऱ्याजाणाऱ्यांनी उघडा पाय बघू नये म्हणून. आज कण्हणं चांगलं खणखणीत होतं. मिटलेल्या डोळ्यांपैकी एक किंचित उघडला, ती जवळ आहे ना ते पाहून घेतलं, आणि पुन्हा मिटला.

तिला सगळं कळलं. पण हातातला हात बर्फासारखा गार होता, आणि त्याची बोटं थरथरत होती. ते काही त्याला ठरवून जमलं नसतं.

शेजारच्या इमारतीतले डॉक्टर येऊन गेले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. “मनावर ताण आला असेल,” म्हणाले.

लेकीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. “आई, हे नाटक आहे. कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“मग चल.”

ती कोरडा ओटा पुसत राहिली. “हाताला कंप होता गं त्यांच्या.”

“आणि तुझ्या जिवाचं काय? त्याला कंप नाही?”

तिनं फडकं झटकून खिळ्याला अडकवलं. लेकीनं बॅग वर आणून दाराशी ठेवली आणि बाईंना सोबत घेऊन गेली. टॅक्सी वळेपर्यंत तिनं मागच्या काचेतून वर पाहिलं नाही.

वर आईनं चपला काढून जागेवर ठेवल्या.

“गेली का?” परीक्षकाचा आवाज आता स्वच्छ होता.

“गेली.”

“पुढच्या वेळी जा की. मी काय नको म्हणतो?”

“वाईट झालं,” ती म्हणाली.

“हो ना. पण तब्येतीपुढे...”

“जाण्याचं नाही म्हणत. तुमचं काम वाईट झालं. मरायला टेकलेला माणूस प्रेक्षकांकडे बघत नाही. तुम्हीच सांगता.”

ती आत जाऊन पलंगावर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

बऱ्याच वेळानं बाहेर खडखड झाली. एक ठोका, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा ठोका. दारात वॉकर दिसला. त्याच्या दांडीबरोबर कसाबसा मुठीत धरलेला पाण्याचा ग्लास, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलेलं. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच एकटा एवढं चालला होता. त्यानं ग्लास पुढे केला. तहान नव्हती, तरी ती सगळं प्यायली.

रिकामा ग्लास तिच्या हातातच राहिला. तो तसाच ठोके देत परत गेला, खुर्चीत बसला, आणि टीव्हीचा आवाज वाढला.

“अगं, ये ना. सुरू होतंय.”

ती उठून बाहेर आली. त्याच्या शेजारची आपली खुर्ची उचलून तिनं खिडकीपाशी नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

“तिथून काय दिसणार तुला?”

“ऐकू येतंय,” ती म्हणाली.

मागे पडद्यावर कुणीतरी रडू लागलं. परीक्षक काहीच बोलला नाही. खाली एक माणूस गाडीच्या टपावर गादी बांधत होता, दोरी ओढून पाहत होता, पुन्हा सोडवून बांधत होता. गाडी निघेपर्यंत ती बघत राहिली.