आजीच्या आवाजावर भरलेली कवायत

मित्रांनो, शाळेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर जो जुना टेपरेकॉर्डर धूळ खात पडला आहे, तो मी. नवा होतो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. मुख्याध्यापक स्वतः मला फडक्याने पुसत. आता माझं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे.

चौथीच्या बाईंचा माझ्यावर फार जीव. त्यांच्या वर्गात पाच-सहा घरभाषांची मुलं होती. दर शनिवारी एका मुलाच्या घरचं कुणीतरी यायचं, आपल्या भाषेत गोष्ट सांगायचं, मी ती भरून घ्यायचो आणि मग ते मूल वर्गाला तिचा अर्थ सांगायचं. कॅसेटवर नाव ज्याने त्याने आपल्याच लिपीत लिहायचं, हा बाईंचा नियम. शेवटी बाई कॅसेटच्या मागची चिमुकली खिटी मोडून टाकत, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये.

वर्गात एक मुलगी होती. वर्षभर तिच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं, म्हणून मुलं तिला 'मौनी' म्हणत. एका शनिवारी तिची आजी आली. आधी मला बिचकली, मग जी सुटली ती थांबेचना. गोष्ट आळशी अस्वलाची होती. आजीने अस्वलासारखं घोरून दाखवलं तेव्हा अर्थ कळायच्या आधीच वर्ग खो खो हसला. मग मौनी उभी राहिली आणि अर्थ सांगता सांगता बोलती झाली. बाईंनी डोळे पुसले. मलाही जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. नवे मुख्याध्यापक तसे भले होते, पण म्हणाले, "आधी मुलांना शाळेची भाषा नीट येऊ दे, बाकीचं मग बघू." शनिवारी गोष्टीऐवजी कवायत आली. त्यात कवायतीच्या सरांचा घसा बसला. आकडे एकदाच भरून ठेवू म्हणून त्यांनी शिपाईकाकांकडे कोरी कॅसेट मागितली. काकांनी मौनीची आणली.

"यावर काय लिहिलंय हो?" सरांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. पोरांनी रेघोट्या मारल्यात. मागची खिटी तुटलीय, पण चिकटपट्टी लावली की काम होतं."

लाल बटण दाबलं गेलं. मित्रांनो, नवं भरायचं तर आम्हाला जुनं पुसावंच लागतं. मी घरघरलो, अडखळलो. सरांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मग मी मुकाट्याने आजीचा एकेक शब्द पुसत गेलो आणि त्या जागी 'एक, दोन, तीन, चार' घेत गेलो.

महिन्याभराने मौनी ऑफिसच्या दारात आली. "सर, आजीची कॅसेट ऐकायचीय. एकदाच."

मुख्याध्यापकांनी तिला खुर्चीवर बसवलं, कॅसेट शोधून लावली. माझ्यातून आकडे बाहेर पडले.

मुख्याध्यापक ओशाळले. "चुकून पुसली गं. आजीला परत बोलाव, आपण पुन्हा भरू."

"आजी गेली, सर. मागच्या आठवड्यात."

मुख्याध्यापकांनी मला बंद केलं. मग ते म्हणाले, "तुला ती गोष्ट आठवत असेल ना?"

"अर्थ आठवतो," ती म्हणाली. "आजीचे शब्द नाही आठवत."

मित्रांनो, माझ्या पोटात एवढे आवाज राहून गेले, पण माझा स्वतःचा एकही नाही. तुम्हाला आहे. जी लिपी वाचता येत नाही तिला रेघोट्या म्हणू नका, जिची आहे तिला विचारा. कवायतीच्या सरांनी लाल बटण दाबलं तेव्हा मौनी भिंतीपलीकडच्या वर्गातच बसली होती. मला तिला हाक मारता आली नाही.