सत्यवतीचा बॉण्ड

सत्यवती मॅट्रिक पास झाली आणि गुणाजीच्या घरात साखरेबरोबर चिंताही शिरली.

साल होतं एकोणीसशे एकसष्ट. मालवणपासून तासाभराच्या चालीवर, माडांच्या आड वसलेल्या त्या वाडीत मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. बाप गुणाजी होडीवर जाणारा, आई हिरा टोपलीतून मासे विकणारी. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सत्यवतीने सांगून टाकलं, "बाबा, माका नर्स होवचा आसा."

गुणाजी काही वाईट माणूस नव्हता. त्याने मुंबईला मेव्हण्याला, हरिश्चंद्राला पत्र घातलं. हरिश्चंद्र एका गोदामात कारकून. घरातला शिकला-सवरलेला माणूस तोच. आठ दिवसांत उत्तर आलं : ‘नर्सिंगचं शिक्षण फार महाग. दोन हजार तरी लागतील. आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे. मुलीसाठी चांगलं स्थळ पाहावं.’

दोन हजार! गुणाजीने पत्राची घडी केली आणि वाशाला खोचून ठेवली. बातमी वाडीत फिरली. शेजारच्या दारापर्यंत दोनाचे तीन हजार झाले, विहिरीवर पोचेपर्यंत चार! पण हरिश्चंद्राला हा आकडा दिला कोणी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. वाचकहो, आपल्या घरांतही असंच चालतं ना?

विचारलं ते मथुराने. मथुरा म्हणजे वाडीची सुईण. अर्धी वाडी तिच्या हातावर जन्मलेली, सत्यवतीसुद्धा. संध्याकाळी ती येऊन पडवीत पाय पसरून बसली.

"गुणाजी, दोन हजार कोणी सांगल्यान?"

"मेव्हण्यान."

"आणि तेका कोणी सांगल्यान?"

गुणाजी वाशाला खोचलेल्या पत्राकडे बघू लागला.

"मेल्या, बांगडो घेताना लोक चार टोपल्यांर भाव विचारतत. आणि पोरीच्या जल्माचो भाव एकाच माणसाक विचारून गप बसलस?"

दारामागे सत्यवती फिसकन हसली.

दुसऱ्या दिवशी मथुरा तिला घेऊन पोस्टात गेली. पदराची गाठ सोडून तिने पाच-पाच नव्या पैशांची तीन कार्डं घेतली. पोस्टमास्तर भाई मूळचे सावंतवाडीचे. वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून ठेवायची त्यांना सवयच होती. त्यांतून त्यांनी तीन इस्पितळांचे पत्ते शोधून दिले. मथुरा सांगत होती, सत्यवती शुद्ध मराठीत लिहीत होती.

"लिव, फी किती. रवण्या-जेवणाचा काय. गरिबाक सवलत आसा काय. आणि ह्या शेवटचा वायच मोठ्या अक्षरात लिव!"

पहिल्या कार्डाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याचं आलं : फी वर्षाला दोनशे रुपये, जेवणाचा खर्च वेगळा.

"बगलस?" गुणाजी म्हणाला.

"बगलंय," मथुरा म्हणाली. "एका कार्डान इतको उतार पडलो. आजून एक उत्तर येवचा आसा!"

तिसरं उत्तर पाकिटातून आलं, घाटावरच्या एका सरकारी इस्पितळातून. पाकीट घेऊन भाई स्वतःच गुणाजीच्या घरी आले. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "फी नाही. राहणं आणि जेवण शाळेकडून. शिवाय विद्यार्थिनीला दरमहा पस्तीस रुपये विद्यावेतन. अनामत रक्कम चाळीस रुपये. ती आधी भरता येत नसेल, तर दरमहा पाच रुपयांप्रमाणे विद्यावेतनातून कापली जाईल."

गुणाजीचा विश्वास बसेना. "म्हंजे शिकवतले ते, जेवूक घालतले ते, आणि वर पैसे देतले तेच? भाई, तुमी कागद उलटो तर नाय धरलात?"

सगळे खो खो हसले. पण भाई पुढे वाचू लागले, "तीन वर्षांच्या शिक्षणानंतर दोन वर्षं सरकारी नोकरी करणं बंधनकारक. त्यासाठी पालकाने स्टँपपेपरवर बॉण्ड लिहून द्यावा."

स्टँप हा शब्द ऐकला आणि गुणाजी उभाच राहिला. त्याच्या वडिलांनी एकदा अशाच कागदावर अंगठा दिला होता, आणि माडांची बाग गेली ती गेलीच.

"नाय! पोरीक सरकाराकडे गहाण टाकूचय नाय!"

सत्यवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. भाई समजावू लागले, तोच मथुरा पुढे झाली.

"गुणाजी, पोरीचा लगीन लावतलस तेव्हा कागद करतलस? नाय ना? थंय ती जल्मभर राबतली. पगार नाय, सुटी नाय, मुदत नाय. ता तुका चलता! आणि हयसर दोनच वर्सां, तीपण पगार घेवन, आणि मगे मोकळी. गहाण खंयचा आणि सुटका खंयची, तूच सांग!"

गुणाजी परत पडवीत टेकला. मथुराचा आवाज खाली आला.

"सात वर्सां झाली. शिवाची बायल, नर्मदा, माज्या ह्या हातांत गेली. रगत थांबला नाय. कशान थांबता ता माका ठावक नव्हता. माजे हात हुशार आसत रे, पण शिकलेले नाय. ह्या वाडीक शिकलेले हात होये. हिचे हात."

मग इतका वेळ चुलीपाशी गप्प बसलेली हिरा बाहेर आली.

"तुमका सही जमणा नसात तर आणा तो कागद. मी अंगठो मारतलंय!"

गुणाजी बायकोकडे बघतच राहिला. पंचवीस वर्षांत ती एवढ्या मोठ्याने प्रथमच बोलली होती! आणि एकदम त्याला हसू फुटलं. "गप रव गो! मी रात्रीच्या शाळेत सही शिकलंय, ती कधी कामाक येतली?"

स्टँपपेपर आला, बॉण्ड झाला. आता राहिली सामानाची यादी : दोन पांढरी लुगडी, काळे बूट, मच्छरदाणी, ट्रंक आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. त्यावरही मथुराकडे उपाय होता. ती घरोघर फिरली. "सत्यवतीच्या लग्नात आहेर करतलात ना? तो आत्ताच करा. तिच्या सोयीचो करा!" कोणी लुगडं दिलं, कोणी मच्छरदाणी. बोटीवरून निवृत्त झालेल्या एका खलाशाने आपली ट्रंक दिली, तिच्यावर परदेशी बंदरांची लेबलं तशीच होती. बूट भाईंनी घेऊन दिले.

सत्यवतीने मामाला पत्राने सगळं कळवलं होतं; घड्याळ मुंबईहून आलं. सोबत हरिश्चंद्राची चिठ्ठी होती : ‘मी कोणालाच विचारलं नव्हतं. ऑफिसात ऐकलं तेच कळवलं. भाची नर्स झाली तर लोक काय म्हणतील, अशी लाजही वाटत होती. चुकलो. हे माझ्या मनगटावरचं घड्याळ तिला द्या.’

सत्यवती निघाली त्या सकाळी मालवणच्या एस.टी. स्टँडवर अर्धी वाडी जमली होती. कंडक्टरने विचारलं, "वऱ्हाड कुठं चाललंय?"

"एकटीच चलली आसा," मथुरा ऐटीत म्हणाली, "पण येतली ती सगळ्यांसाठी!"

आणि तसंच झालं. तीन वर्षं शिकून, बॉण्डची दोन वर्षं पुरी करून सत्यवती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली. गावोगाव बाळंतपणांना ती जाऊ लागली, आणि बरोबर मथुरा! म्हातारी आता हात उकळत्या पाण्याने धुवायला शिकली होती आणि इतरांना दटावून शिकवत होती.

गुणाजीचं काय झालं म्हणता? धामापूरला त्याच्या एका नात्यातल्या माणसाची मुलगी पुढे शिकू पाहत होती आणि बाप ‘परवडणार नाही’ म्हणून अडून बसला होता. हे कळताच गुणाजी होडी शेजाऱ्याच्या हवाली करून पायी धामापूरला गेला आणि त्या बापाला घेऊनच पोस्टात शिरला.

मित्रांनो, गरिबीमुळे मुलींचं शिक्षण अडतं हे खरं. पण पुष्कळदा ते अडतं ऐकीव गोष्टींमुळे, लाजेमुळे आणि न वाचलेल्या कागदाच्या भीतीमुळे. विद्यावेतनं आहेत, सवलती आहेत, आणि मदत करणारे शेजारीही आहेत. आपल्या लेकीला ‘नाही’ म्हणण्याआधी निदान एकदा विचारून तर पाहा!