हवेची घंटा

फिटरनं खिशातलं फडकं सोडून आतला पितळी कॉक, म्हणजे हवा बंद करायची तोटी, साहेबांच्या टेबलावर ठेवला. बोटभर लांबीची ती वस्तू, पण खोलीतल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. साहेबांनी ती उचलली, तिची दांडी इकडून तिकडे फिरवून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे ही बंद होती?"

"बंदच होती साहेब."

फिटर टेबलावर वाकून बोलत होता. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी ट्रामच्या घंटेकडे जाणारी हवेची नळी त्यानं साफ केली होती. त्यासाठी हवा बंद केली आणि मग दुसऱ्या गाडीचं काम आलं म्हणून उघडायची राहून गेली. सकाळी गाडी डेपोतून बाहेर पडली तेव्हापासून ड्रायव्हरनं घंटेच्या पायपट्टीवर नाच केला असता तरी घंटेचा आवाज निघणार नव्हता. चूक आमची आहे, हेही त्यानं कुणी न विचारताच सांगून टाकलं आणि मान खाली घालून तिथंच उभा राहिला.

कारकुनानं ते लिहून घेतलं. युनियनचा माणूस हुश्श करून खुर्चीत मागे रेलला. खुद्द साहेबांचाही चेहरा सैल झाला, कारण आता खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हा प्रश्नच उरला नव्हता. ट्रामची धडक बसून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा हात मोडला होता आणि घंटा वाजली नाही असं तो पहिल्यापासून सांगत होता. ते खरं निघालं. ड्रायव्हरनं पायपट्टी दाबली होती, तेही खरं. एकदा ड्रायव्हरचा जबाब झाला की सगळे चहाला मोकळे.

जीव टांगणीला लागला होता तो एकट्या कंडक्टर बाईचा. त्या गाडीवर मागे तीच होती, आणि पुढे गाडी हाकत होते ते तिचे सासरे. ते समोरच्या भिंतीजवळच्या बाकावर ताठ बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. फिटरची पाठ त्यांच्याकडे होती. फिटर काय बोलला यातलं त्यांना अवाक्षरही कळलेलं नव्हतं, आणि ते त्यांना जाऊन सांगायची सोय नव्हती. दोघंही साक्षीदार, शिवाय एका घरातले. म्हणून साहेबांनी त्यांना लांब लांब बसवलं होतं आणि जबाब होईपर्यंत बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असं बजावलं होतं.

डेपोत मामंजींना सगळे धर्मराज म्हणायचे. अर्थात तोंडावर नाही. फार मागे त्यांच्या ट्रामचा कोपरा एका भाजीच्या हातगाडीला घासला होता. हातगाडीवाल्याच्यासुद्धा ते लक्षात आलं नव्हतं, पण मामंजींनी गाडी डेपोत लावली आणि सरळ ऑफिसात जाऊन सांगितलं. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. कानावर आलं की मामंजी कपाळाला आठ्या घालत, पण घरी येऊन तीच गोष्ट सुनेला तिखटमीठ लावून सांगत. हे अर्थात त्यांच्या कानावर काही येत होतं तेव्हाचं.

त्यांना ऐकू येईनासं झालंय हे सुनेला सगळ्यांच्या आधी कळलं. दुसरं कळणार तरी कोणाला? सासूबाई केव्हाच गेलेल्या, नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा घरी यायचा. दूध उतू जाऊन शेगडी चुरचुरायची आणि मामंजी तिथंच शेजारी पेपर वाचत बसलेले. आधी तिला वाटलं, विसरभोळे झालेत. मग वाटलं, आपल्यावर रागावलेत, म्हणून हाक मारली तरी ओ देत नाहीत. त्या विचारानं ती एका दुपारी मनसोक्त रडलीसुद्धा. मग एकदा ते बटाटे सोलत बसले असताना ती मागून काहीच्या बाही बोलली. तुमची टोपी उंदरानं कुरतडली, जिन्यात सिंह आलाय, असं तोंडाला येईल ते. मामंजी शांतपणे साल काढत राहिले, एकसंध, न तुटू देता. तिला आधी हसू आलं आणि मग कळायचं ते कळलं.

त्या दिवसापासून ती त्यांच्या समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून बोलायला लागली. असं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दोघांनी मिळून त्या शब्दाला घरात पाऊल टाकू दिलं नाही.

गाडीतही तसंच. थांबायला एकदा, निघायला दोनदा अशी दोरी ओढायची, की ड्रायव्हरच्या डोक्यावरची छोटी घंटी किणकिणते. ती दोरी ओढायची आणि वर हातही उंच करायची, म्हणजे तो मामंजींना समोरच्या आरशात दिसायचा. सासरा पुढे, सून मागे, घरचीच गाडी आहे बाबा, अशी लोक चेष्टा करायचे. एका इन्स्पेक्टरनं तर हात वर करण्याच्या तिच्या शिस्तीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तशी तिनं मनाची समजूत घातलेली होती. मामंजींचे डोळे घारीसारखे आहेत. निवृत्तीला वर्षच उरलंय. आणि मुख्य म्हणजे त्यांची घंटा चोख आहे. ती जुनी घंटा फळ्यांच्या खाली असायची. लोखंडी खुंटीवर टाच आपटली की खाली हातोडी बसायची आणि तिचा हिसका तळपायातून गुडघ्यापर्यंत चढायचा. प्रत्येक ठोका मामंजींना पायात कळायचा. कानांचं काम पाय करतायत, मग बिघडलं कुठं, असं ती स्वतःला सांगायची.

मग हवेच्या घंटा आल्या. ब्रेकसाठी गाडीत हवेची टाकी होतीच. तिच्यातून एक बारीक नळी काढली, पायाशी हलकी पट्टी बसवली आणि घंटा नेली वर, गाडीच्या कपाळावर. पाय नुसता टेकवला की हवा आत शिरायची आणि पाय उचलेपर्यंत घंटा खणखणत राहायची. ड्रायव्हर मंडळी खूश झाली. गुडघे वाचले म्हणाली. एकटे मामंजी कुरकुरायला लागले, की ह्या मेलीचं पायाला काही कळतच नाही. म्हाताऱ्यांना नवीन काही सोसत नाही, म्हणून सगळे हसले. सून हसली नाही. तिची झोप उडाली. शिफ्ट लावणाऱ्या बाबूच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा माघारी फिरली. एकदा जेवताना समोर बसून तिनं धीर केला आणि म्हटलं, "मामंजी, डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

त्यांनी तिच्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "का? तुला बरं नाही का?" आणि अर्ध्या ताटावरून हात धुवायला उठले. ते ताट पाहिल्यावर तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्या पैशांवरून एकजण हुज्जत घालत होता आणि तिचं निम्मं लक्ष त्याच्याकडे. घंटा ऐकू येत नाहीये हे तिच्या लक्षात आलं होतं, पण रस्ता मोकळा असेल असं ती धरून चालली. वळणावरच्या दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर शिडीवरून उतरला आणि अक्षरं नीट आली का ते पाहायला पाटीकडे तोंड करूनच मागे सरकू लागला. एक पाऊल, आणखी एक, रुळापर्यंत. आरशात तिला मामंजींचा गुडघा खाली दबलेला दिसला. आवाज मात्र आला नाही. तेव्हा तिनं दोरी ओढली, ओरडलीही, आणि आपण कुणासाठी ओरडतोय हे ओरडता ओरडताच तिला कळलं. घंटा ऐकून माणूस बाजूला होईल याची मामंजींनी वाट पाहिली. तो होत नाही असं दिसल्यावर ब्रेक दाबला. तेवढाच उशीर झाला. पेंटर जिवानिशी वाचला, पण ब्रश धरलेला हात कोपराखाली मोडला, आणि निळ्या रंगाचा डबा चाकाखाली जाऊन रस्ताभर निळा रंग पसरला.

नंतरचे दिवस सगळ्या डेपोनं हवेच्या घंटेला शिव्या घातल्या. तिला त्या घालवेनात. घंटा वाजत नाहीये हे कान असलेल्या कुणालाही पहिल्याच चौकात कळलं असतं.

साहेबांनी फिटरला बाजूला केलं आणि मामंजींना पुढे बोलावलं. त्यांचा आवाज मायेचा होता.

"दादा, तुम्ही पायपट्टी दाबलीत ना?"

"दाबली."

"आणि घंटा वाजली नाही. बरोबर?"

मामंजींनी साहेबांच्या ओठांकडे पाहिलं.

"वाजली," ते म्हणाले. "चांगली वाजली साहेब. तो माणूसच हलला नाही."

कारकुनाचं पेन थांबलं. म्हाताऱ्याचा घोटाळा झाला असं समजून साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा, एकेक शब्द सुटा करून विचारला. मामंजींनी तेच उत्तर दिलं, जरा जोरानंच. युनियनचा माणूस कपाळावर हात मारून घेत पुटपुटला की हातात आलेलं घालवलं. फिटरनं तोंड फिरवलं. साहेबांच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू उतरली आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं. तो कॉक उचलून मामंजींसमोर धरत ते म्हणाले की घंटेला हवाच नव्हती, हे सिद्ध झालंय. मग ती वाजली कशी? सुटका समोर दिसत असताना माणूस असं का बोलतो? त्या पेंटरला खोटं पाडायला?

"तुमचं नाव फार ऐकलं होतं," साहेब म्हणाले. "आणि माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलताय?"

बाकीचं मामंजींना किती कळलं कोण जाणे, पण 'खोटं' हा शब्द त्यांनी ओठांवरून बरोबर उचलला. त्यांचा चेहरा उतरला. ते साहेबांकडून वळले आणि सुनेकडे पाहू लागले, जसे रोज आरशात पाहायचे तसे.

ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. म्हातारपणी माणूस हट्टाला पेटतो म्हणून साहेबांनी शेरा मारला असता, युनियननं मध्ये पडून जबाब सावरून घेतला असता आणि आठवड्याभरात मामंजी पुन्हा गाडीवर गेले असते. गेलं असतं ते धर्मराज हे नाव. आणि बोललं तर आज गाडी कायमची गेली. हे सगळं तिला लख्ख दिसत होतं, आणि रस्त्यावरचा तो निळा रंगही दिसत होता. आपण आधीच बोललो असतो तर, या विचारानं तिला स्वतःची शरम वाटली.

ती उठली. साहेबांनी खाली बसा म्हटलं, तिनं ऐकलं नाही. साहेबांशी बोलायचं तर टेबलाकडे तोंड करायला हवं होतं, आणि तसं केलं तर काय बोललं जातंय हे मामंजींना कळलं नसतं. त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच देखत त्यांना विकल्यासारखं ते झालं असतं. ती टेबल आणि मामंजी यांच्या मधे शिरली, साहेबांकडे पाठ करून मामंजींच्या समोर उभी राहिली आणि घरी बोलायची तशी सावकाश बोलली.

"मामंजी खोटं बोलत नाहीत. त्यांना ऐकू येत नाही. मला ठाऊक होतं."

मामंजींनी ते वाचलं. पापणीही न हलवता सगळं वाचलं.

त्यानंतर साहेबांनी बरंच काही विचारलं आणि तिनं आरशापासून सगळं सांगितलं. कारकून लिहीत राहिला. तिलाही वेगळं उत्तर द्यावं लागेल, तोवर कामावर यायचं नाही, असं तिला सांगण्यात आलं. तिनं मान हलवली. एवढ्यात मामंजींनी छातीवरचा बिल्ला स्वतःच सोडला. पिन जुनी, अडकत होती. कुणी मदतीला पुढे आलं नाही, आणि ते बरंच झालं. बिल्ला टेबलावर ठेवून त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

ती त्यांच्या मागोमाग गेली. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. आता ते आपल्याशी जन्मात बोलणार नाहीत, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

बाहेरच्या बाकावर पेंटर बसला होता, प्लास्टरमधला हात झोळीत घेऊन, त्याला आत बोलावण्याची वाट पाहत. मामंजी त्याच्या पुढ्यात जाऊन थांबले. पेंटर धडपडत उठला आणि काहीतरी बोलला. पण बोलताना त्याची मान खाली होती, ओठ दिसत नव्हते आणि आवाजही पडलेला होता. नेहमीच्या सवयीनं सून झटकन पुढे झाली, मामंजींच्या समोर उभं राहून तेच पुन्हा सांगायला.

मामंजींनी हात आडवा धरून तिला थांबवलं. त्यात राग नव्हता. मग ते पेंटरकडे वाकले आणि पंजा कानामागे नेला.

"जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."