घट्ट झाकणाची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, कारखान्यात साच्यातून बाहेर पडताना माझे तोंड जरासे वाकडे राहिले. त्यामुळे माझे झाकण इतके घट्ट बसते, की भल्याभल्यांना सहज उघडत नाही.

ज्या बाईने मला विकत घेतले, तिला याचेच कौतुक होते. "मुंगी काय, वारासुद्धा शिरत नाही हिच्यात!" असे ती शेजारणींना सांगे. तिने माझ्यात वर्षानुवर्षे साखर ठेवली. ती गेल्यावर तिच्या सुनेने मला सांभाळले.

या सुनेची मुलगी बबडी. साडेतीन वर्षांची झाली, तरी एक शब्द बोलेना. काही हवे असले की आईचा हात धरून ओढी. आईही न सांगता ओळखे आणि हातात देई. शेजारीण म्हणे, "बोलेल गं! आमच्या दिराचा मुलगा बघ, आता गप्प बस म्हणावं लागतं." पण आईचे मन थाऱ्यावर नव्हते.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आईला सांगितले, "तिला ऐकू नीट येतं. तिने मागायच्या आधीच तुम्ही देता, मग ती मागेल कशाला? आवडती वस्तू दिसेल, पण हाती लागणार नाही, अशी ठेवा. 'उघड' म्हणा आणि मनात दहा मोजा. मागण्यासाठी तिने कसलाही आवाज काढला, की लगेच उघडा."

माझ्यातली साखर निघाली आणि बबडीचे लाकडी हत्ती, घोडा, बदक आत आले. त्या दिवसापासून मी तिची वैरीण झाले. ती मला चापट्या मारी, रडून घर डोक्यावर घेई. आवाज मागण्याचा नसे, नुसता रडण्याचा. आई दहा मोजी, पुन्हा मोजी.

बबडीचे वडील संध्याकाळी येत आणि आजोबा, म्हणजे आईचे सासरे, दिवसभर बाहेर ओट्यावर बसत. तोवर घरात आईचाच आवाज. भांडी घासताना ती स्वतःच विचारी आणि स्वतःच उत्तर देई. ऐकायला मी होते, पण मला कुठे बोलता येते?

मग बबडी आठवडाभर आईकडे फिरकलीच नाही. प्राणी मात्र रोज बाहेर! शेवटी आजोबा सापडले. ते गुपचूप माझे झाकण सैल करून ठेवत.

"बाबा, तुम्ही?"

"लेकराचे डोळे बघवत नाहीत गं. तुझ्यासारखं दगडाचं काळीज नाही माझं."

"दगडाचं असतं तर बरं झालं असतं, बाबा. मोजताना आठावर येते तेव्हा माझा हात झाकणाकडे जातो. तो दुसऱ्या हाताने धरून ठेवते मी."

आजोबांनी झाकण घट्ट केले.

पण रोजच्या उघडझापीने माझे झाकण जरा ढिले पडले होते आणि बबडीलाही आता युक्ती साधली होती. एका दुपारी तिने मला गुडघ्यांत धरले, जोर लावला आणि उघडले. आई दारातच खाली बसली. "आता माझ्याकडे कशाला येईल ही?" ती पुटपुटली.

बबडीने बदक काढले, पाहिले, परत आत ठेवले. दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून बसवले. मग मला उचलून आणले आणि आईच्या मांडीवर ठेवले.

"उग," ती म्हणाली.

आईने उघडले. बबडीने लावले. "उग." दिवेलागणीपर्यंत हेच चालले. माझी मान दुखून आली, पण खरे सांगते, तेवढे सुख मला साखरेनेही दिले नव्हते.

नंतर शब्द आले, अडखळत, एकेक करून. बबडी शाळेत जाते. मी वरच्या फळीवर रिकामी आहे. माझ्याकडे कोणी काही मागत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखाद्याचा शब्द ओठांवर यायला वेळ लागत असेल. त्याला चिडवू नका, त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. थांबा. आणि त्याच्यासाठी घरात त्याची आई दिवसभर थांबत असेल, तर तिच्याही शेजारी घटकाभर जाऊन बसा. थांबणाऱ्या माणसाशी बोलायला कोणी नसते.